सात मिरच्यांचा धडा

द्रव्याच्या अवस्था तीन. स्थायू, द्रव आणि वायू. या तिन्ही अवस्था मी कुणालाही, अगदी कुणालाही, अर्ध्या तासात समजावून देऊ शकतो!

हे वाक्य मी फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी, हातात चहाचा कप धरून, आमच्या स्वयंपाकघरात उच्चारलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात इतक्या ठामपणे बोललेलं हे माझं बहुधा तिसरं वाक्य असावं. आधीची दोन आठवत नाहीत. तीही अंगाशीच आली असणार.

मला सगळे ‘सर’ म्हणतात, पण मी वर्गावर कधी उभा राहिलेलो नाही. वारणानगरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मुलानं पुस्तक मागितलं की द्यायचं आणि परत आणलं की घ्यायचं, एवढाच माझा जगाशी संवाद. भाजीवालीनं पिशवीत सडकी वांगी टाकली तरी मी ‘थँक्यू’ म्हणून येतो. असा माणूस एकदम शिकवायला उभा राहतो म्हणजे काय होणार, हे वाचकांना कळलंच असेल. मला कळलं नाही.

माझी विद्यार्थिनी होती तानाबाई. म्हणजे माझी बायको. वय एकसष्ट.

तानाबाई गारगोटीकडच्या एका खेड्यातली. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा तीन मैलांवर होती आणि घरात दोन म्हशी होत्या. गेल्या वर्षी एके दिवशी ती मला म्हणाली, “अवो, मी सतरा नंबरचा फॉर्म भरलोय.” (आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘आलो, गेलो’च म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.) सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. चौतीस वर्षं मी परक्यांच्या मुलांना ‘कुठलं पुस्तक हवं?’ असं विचारलं, आणि घरात तो प्रश्न एकदाही विचारला नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तोंडात बिस्कीट होतं म्हणून मी काही बोललो नाही. नसतं, तरी बोललो नसतो.

तिची एकच अट होती. बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये!

“नापास झालो तर ती समोरची आक्का जन्मभर मला चटणीसंगं वाटंल,” ती म्हणाली.

त्यामुळे तानाबाई मार्गदर्शन वर्गाला जाताना पिशवीत खाली विज्ञानाचं पुस्तक ठेवायची आणि वर टाळ. बिल्डिंगचा समज असा, की तानाबाई भजनी मंडळात जाते. शेजारी कौतुकानं म्हणायचे, “रोज भजन! काय भक्ती म्हणायची!” आणि ती खाली मान घालून जिना उतरायची.

तर त्या सकाळी काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विज्ञानाची तोंडी परीक्षा होती. मराठी, इतिहास, भूगोल तिनं अभ्यासात कधीच लोळवले होते. पण एका जागी गाडी रुतली होती. कणांवर!

“सगळ्या वस्तूचे कण सारखे हालत असत्यात म्हणं,” ती म्हणाली. “ही वाटी बघा. हालतीया?”

“डोळ्यांना दिसत नाही गं ते.”

“मग तुमाला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकात काय बी असतंय.”

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीवर एका वाक्यात बोळा फिरला!

“व्याख्या पाठ हाय मला,” तिनं आवाज खाली आणला. “पण तिथं म्हणं मॅडम सांगत्यात, तुमच्या शब्दांत सांगा. माझ्या शब्दांत न्हाईच की ते! त्या पोराटोरांत मी एकटी म्हातारी, आणि तोंड उघडंना झालं तर? मी उद्या जाणार न्हाय. आणि तोंडीलाच गेलो न्हाय तर फुडच्या पेपरला तरी कशाला जायाचं? राहू दे. झालं तेवढं बास झालं.”

तिनं पुस्तक तांदळाच्या डब्यावर ठेवलं आणि मेथी निवडायला घेतली. मेथी निवडताना ती कधी खाली बघत नाही, बोटांनाच कळतं. त्या दिवशी ती खालीच बघत होती.

म्हणून मी ते वाक्य बोललो. अर्ध्या तासात! कुणालाही!

आधी मी उदबत्ती लावली. तिला दारापाशी उभं केलं आणि म्हणालो, “बघ, वास तुझ्यापर्यंत आला. म्हणजे कण पसरले. याला विसरण म्हणतात.”

“उदबत्ती रोजच लावतो की. रोजच वास येतोय. त्यात काय नवीन?”

मग अत्तर आणलं. लग्नातलं होतं. बाटलीत वास सोडून सगळं होतं.

आता काहीतरी जोरकस हवं होतं. नाकाला झोंबेल, अंतर मोजता येईल, वेळ मांडता येईल असं. माझी नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. संकेश्वरी मिरची! वर्षाच्या चटणीसाठी नुकतीच आणलेली.

इथं एक खुलासा करायला हवा. आमच्या बिल्डिंगमध्ये मिरची कुणी घरात भाजत नाही. मार्चमधला एक रविवार आक्का ठरवते. त्या दिवशी सगळ्यांच्या मिरच्या गच्चीवर एकत्र भाजल्या जातात. आदल्या दिवशी आक्का घरोघरी जाऊन सांगते, खिडक्या लावा, लहान पोरं आजोळी धाडा. बावीस वर्षांचा हा शिरस्ता. तो मला ठाऊक नव्हता, कारण त्या रविवारी तानाबाई मला दरवर्षी सकाळीच वाचनालयात पाठवते. तानाबाईला ठाऊक होता, पण मी काय भाजणार आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आधी उत्तर कळलं तर प्रयोगात मजा काय?

“तू आतल्या खोलीत खुर्चीवर बस,” मी म्हणालो. “हातात मोबाईलचं घड्याळ धर. काही जाणवलं की वेळ सांग.”

“काय जाणवलं की?”

“ते तुझं तूच ओळखायचं!”

स्थिर हवा हवी म्हणून मी पंखे बंद केले. खिडक्या लावल्या. पुढच्या दाराला आतून कडी घातली. तवा ठेवून गॅस बारीक केला आणि एक मिरची टाकली.

काही नाही.

आता माझ्या नाकाबद्दल. चौतीस वर्षं जुन्या पुस्तकांची धूळ खाऊन ते निवृत्त झालेलं आहे, माझ्याही आधी. मला वाटलं, मिरची जुनी असेल. दुसरी टाकली. तिसरी. तवा गार असेल असा विचारच डोक्यात आला नाही. पाचवीनंतर लक्षात आलं, गॅस फारच बारीक आहे. मग मी तो मोठा केला, आणि हाताशीच होत्या म्हणून आणखी दोन टाकल्या.

“काही जाणवतंय का?” मी ओरडलो.

“न्हाय!”

आणि मग, वाचकहो, सगळ्या मिरच्या एकदम तापल्या!

पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण डोळे मिटले होते. आतून आवाज आला, “अवो! जाणवलं!” आणि पाठोपाठ तानाबाईचा असा ठसका, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मी गॅस बंद करायला गेलो आणि मिक्सर चालू केला. मग शुद्ध हवेसाठी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. ही खिडकी डक्टमध्ये उघडते. बिल्डिंगमधलं प्रत्येक स्वयंपाकघर त्याच डक्टमध्ये उघडतं. हे मला घर घेताना सांगितलं होतं, ‘हवा खेळती राहते’ म्हणून. खेळली!

वरून पहिला खोकला ऐकू आला तो हंबीररावांचा. हंबीरराव आमचे सोसायटीचे चेअरमन, दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचा साधा आवाजही लाउडस्पीकर गिळल्यासारखा. खोकला म्हणजे तोफखाना! त्यांच्या वर मोना राहते, घरूनच कंपनीचं काम करणारी मुलगी. ती कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये परदेशातल्या साहेबापुढे शिंकत होती. आणि समोर आक्का.

दारावर धाडधाड सुरू झाली.

“ताने! आगं ताने! दार उघड! काय पेटलं का काय?”

मी कडी काढली. आमच्या घरातली उरलीसुरली हवा आनंदानं जिन्यात गेली.

“खाली चला!” हंबीरराव गर्जले. “सगळी खाली चला! पार्किंगमधे!”

जिन्यात सगळे एकमेकांना खेटून, पण सरकत सरकत खाली निघाले. उलट दिशेनं फक्त आक्का गेली. नाकाला पदर लावून ती थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरली, गॅस बंद केला, तवा बघितला आणि खाली येऊन पार्किंगच्या मधोमध उभी राहिली.

“मिरची भाजली तुमी,” ती म्हणाली. “आमाला टाकून. बावीस वर्सं एका तव्यावर भाजली आपण, आणि औंदा तू एकटीनं चटणी घातलीस, ताने?”

तानाबाई बोलू शकत नव्हती. ती स्कूटरवर बसून खोकत होती. नुसते हात हलवत होती, आणि हात हलवताना माझ्याकडे बघत होती. त्या बघण्याचा अर्थ स्पष्ट होता. सांगू नका!

आता गुपित राखायची जबाबदारी माझी. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पटेलसं, साधं, कुणाला न दुखवणारं. मी डोकं चालवलं.

“चटणी नाही हो, आक्का,” मी म्हणालो. “आम्ही... दृष्ट काढत होतो.”

हंबीररावांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

“दृष्ट?” हंबीरराव म्हणाले. “किती मिरच्या व्हत्या, आक्का?”

“सात,” आक्का म्हणाली. “मोजल्या मी. बरोब्बर सात!”

“सात म्हंजे दृष्टच!” हंबीररावांनी निकाल दिला.

“कुणाची लागली पण?” मोनानं शिंकता शिंकता विचारलं.

हा प्रश्न मी गृहीत धरलाच नव्हता. हळूहळू आक्काचा चेहरा बदलत गेला.

“कालच,” ती सावकाश म्हणाली. “काल जिन्यात मीच म्हटलो हिला, ताने, तोंडावर काय तेज आलंय गं तुझ्या हल्ली. मीच म्हटलो. दुसरं कोण हाय?”

“तसं नाही हो, आक्का!” मी म्हणालो.

“मग कसं? सांगा की, सर! कुणाची काढली?”

मला एकही दुसरं नाव सुचेना! हंबीररावांचं घ्यावं तर ते समोरच उभे. मोनाचं घ्यावं तर तिचं नाक आधीच लाल. मी उभ्या उभ्या घामानं विरघळायला लागलो.

हंबीरराव मदतीला धावले. “आक्का, तुमी मनाला लावून घिऊ नका. दृष्ट असली तर मिरचीचा ठसका उठत न्हाय. हितं तर आख्खी बिल्डिंग खोकतीया! म्हंजे दृष्ट नव्हतीच. तुमी निर्दोष हाय!”

“संशय तर घेतला न्हवं?” आक्काचा आवाज फुटला. “हिचा पाय मोडला तवा महिनाभर भाकरी कुणी थापली? आणि आज माझी दृष्ट!” तिनं डोळे पुसले. ते मिरचीनं आलेलं पाणी नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं. “ऱ्हाऊ दे. आजपासनं तुझं दार तुला, माझं दार मला.”

आणि ती वळून जिन्याकडे निघाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका वाक्यानं बावीस वर्षांचा शेजार चालला होता. तोंड उघडलं तर बायकोचं गुपित जाणार, नाही उघडलं तर तिची मैत्रीण. आणि तोंड उघडण्याच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास तुम्ही वाचलाच आहे.

“आक्का, थांब!”

तानाबाई स्कूटरवरून उठली होती. पदर नीट करून ती म्हणाली, “दृष्टबिष्ट काय न्हाय. ह्येस्नी खोटं बोलाय येत न्हाय, तरी बोलायचं असतंय. मी... मी दहावीला बसलोय.”

कुठूनतरी एक शिंक आली.

“भजनाला जात न्हाय मी. वर्गाला जातो. उद्या इज्ञानाची तोंडी हाय. मला येत नव्हतं म्हणून ह्ये शिकवत हुते.”

“मिरच्या भाजून?” हंबीरराव म्हणाले.

“मला का न्हाय सांगितलंस?” आक्का म्हणाली.

“हसशील म्हणून. नापास झालो तर.”

आक्का दोन पावलं परत आली. “आगं मी स्वतः चवथी नापास! मी कशाला हसू?” मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पण आदी हे सांग. दहावीचा आणि मिरचीचा काय संबंध? सगळ्या बिल्डिंगला रडवलंस ते कशापायी? समजंल असं सांग. न्हाईतर मी जातो आपली घरी.”

मी पुढे झालो. म्हणालो, “त्याचं असं आहे, द्रव्याचे कण...”

“तुमी गप बसा!” दोघी एकदम म्हणाल्या.

मी गप बसलो. त्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

तानाबाईनं एकदा वर खिडकीकडे पाहिलं, एकदा आमच्या सगळ्यांकडे. मग ती बोलायला लागली, आधी अडखळत.

“हे बघ, आक्का. मिरची तव्यावर गप पडली हुती, तवर तुला काय कळलं का? न्हाय. तापली आणि तिचे बारीक बारीक कण सुटले. डोळ्यांना दिसत न्हाईत. पण ते आले. पयला माझ्याकडं, आतल्या खोलीत. मग तुझ्या दारात. मग डक्टातनं वर हंबीररावांकडं, मग मोनाकडं. त्यांस्नी कुणी धाडलं न्हाय, कुणी ढकललं न्हाय. आपापले धावत आले, एकमेकाला धडकत, जिकडं मोकळी जागा तिकडं. तापल्यामुळं जोरात आले. गार असते तर मोनापातूर जायाला तिन्हीसांज झाली असती!”

“बरं. आणि?” आक्का म्हणाली.

“आणि आपण बी तसंच की!” तानाबाईचा आवाज आता मोकळा झाला होता. “सकाळी आपण आपापल्या घरात हुतो. जागचं हलायचं न्हाय, बसल्या जागी थोडं थरथरायचं, हंबीरराव पेपर वाचताना पाय हलवत्यात तसं. ते झालं स्थायू. मग जिन्यात आलो. एकमेकाला खेटून, पण सरकत सरकत, जिना वळंल तसं वळत. ते द्रव. आणि आता बघा! ह्यो गेटपाशी, ती झाडाखाली, जो तो मोकाट! आक्का तर पार निघालीच हुती! ते झालं वायू!”

पार्किंगमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे आणि मग स्वतःच्या पायांखाली बघितलं. हंबीरराव दोन पावलं आत सरकले.

“मग आपल्याला परत स्थायू कसं करायचं?” मोनानं विचारलं.

“गार करायचं,” तानाबाई म्हणाली. “ताक देतो सगळ्यांस्नी. चला वर.”

आक्का तिच्याजवळ आली. मग तिनं पदराच्या टोकानं तानाबाईचं तोंड पुसलं. “आगं, समजलं की मला! मला समजलं म्हंजे मॅडमला समजंल. उद्या किती वाजता हाय? मी येतो संगं.”

मी मागे उभा होतो. हे सगळं मी सकाळपासून सांगत होतो आणि एक अक्षर पोचलं नव्हतं. तानाबाई माझ्याजवळ आली, माझा चष्मा काढला, पदरानं पुसून परत डोळ्यांवर बसवला, आणि इतक्या हळू की फक्त मला ऐकू यावं, म्हणाली, “दिसलं वो मला. कण.”

माझे डोळे पुन्हा भरून आले. मिरची फार तिखट होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी आम्ही तिघं गेलो. आक्कानं तानाबाईच्या हातावर दही ठेवलं. तानाबाई पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि आत गेली. पाऊण तास मी फाटकाचे गज मोजले. बत्तीस होते. तीनदा मोजले.

ती बाहेर आली ती हसतच.

“काय विचारलं?” मी म्हणालो.

“इसरण. माझ्या शब्दांत सांगा म्हटल्या. मी आपल्या बिल्डिंगचं सांगितलं. मॅडम हसून हसून खुर्चीतनं पडायच्या राहिल्या. म्हणाल्या, असं उत्तर आजवर कुणी दिलं न्हाय.” मग ती आक्काला म्हणाली, “आता सगळ्या पेपरला बसतो गं मी. काय हुईल ते हुईल.”

“आणि कुणी शिकवलं ते विचारलं का?” मी हळूच विचारलं. वय झालं तरी माणसाला वाटतंच.

“इचारलं की. ते वहीत लिवलंच हाय.”

तिनं प्रयोगवही माझ्या हातात दिली. स्वतः केलेला एक प्रयोग लिहून न्यायचा होता. तो तिनं आदल्या संध्याकाळी आक्काच्या घरी बसून लिहिला होता. मी तिथंच, फाटकापाशी उभा राहून वाचला. साहित्य: एक तवा, गॅस, सात संकेश्वरी मिरच्या. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं नेटकं, वळणदार अक्षरात. मी माझं नाव शोधत होतो. ते शेवटच्या शीर्षकाखाली सापडलं, म्हणजे नाव नव्हे, पण उल्लेख होता.

‘दक्षता: प्रयोग सुरू करण्यापूर्वी मिस्टरांना वाचनालयात पाठवावे.’

खाली मॅडमची लाल शाईची बरोबरची खूण होती. काहीतरी चूक निघेल म्हणून मी ती ओळ चारदा वाचली. शुद्धलेखनाचीसुद्धा निघाली नाही.